कोंबडा प्रदर्शनाला केव्हा न्यावा?
वयाचा हिशोब, पिसांची परीक्षा आणि घाईचा तोटा

वेळणेश्वर, हेदवी, अडूर, पालशेत या आमच्या गुहागर तालुक्याच्या किनाऱ्यावर नारळ-सुपारीची बाग आणि परसात चार कोंबड्या ही घराची जुनी मिळकत आहे. घरातल्या बाईच्या हाती रोकड येते ती बहुधा अंड्यांतून आणि सणावाराला विकलेल्या कोंबड्यातून. या परसातल्या धंद्यात आता एक नवी गोष्ट आली आहे. काही तरुण मंडळी गावठी कोंबड्यांबरोबर असील, कडकनाथ असे जातिवंत पक्षी पाळू लागली आहेत आणि त्यांची नजर प्रदर्शनाकडे आहे. २०१९ साली जालना येथे आणि २०२३ साली शिर्डी येथे राज्य पातळीवरची मोठी पशुधन प्रदर्शने भरली. तालुक्या-जिल्ह्याच्या कृषिमेळाव्यांतही पक्ष्यांचे पिंजरे दिसतात. बक्षिसाची रक्कम थोडी असली तरी बक्षीस मिळालेल्या कोंबड्याच्या पिल्लांना जो भाव येतो तो खरा नफा.

दुकानावर कापड घ्यायला येणारी ही मुले सर्वांत जास्त एकच प्रश्न विचारतात : "चाचा, कोंबडा पाच महिन्यांचा झाला, आरवतोही. आता नेऊ का?" बहुतेक वेळा त्याचे उत्तर "अजून थांब" असेच द्यावे लागते. हे उत्तर का, आणि थांबायचे तर किती, याचा खुलासा या लेखात करीत आहे. कारण पाच महिन्यांचा कच्चा कोंबडा घेऊन गेलेला मुलगा मागे राहतो, निराश होतो आणि परतीचे भाडे निघावे म्हणून तोच कोंबडा तेथेच मटणाच्या भावाने देऊन टाकतो. घेणारा जाणकार असतो. तो चार महिने दाणा घालतो आणि तोच पक्षी पैदाशीचा नर म्हणून कितीतरी जास्त किमतीला विकतो. मेहनत एकाची आणि नफा दुसऱ्याचा, असा हा सौदा आहे.

एकाच पक्ष्याची तीन वये

पहिला घोटाळा "तयार" या शब्दाचा आहे. कोंबडी खाण्यासाठी तयार होणे, अंड्यासाठी तयार होणे आणि प्रदर्शनासाठी तयार होणे, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

ब्रॉयलरचे पिल्लू पाच ते सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरते आणि विकले जाते. ते त्या वयातही पिल्लूच असते. फक्त मांस वाढलेले असते. अंड्यावरची संकरित कोंबडी अठरा ते वीस आठवड्यांत अंडी देऊ लागते. गेली तीस-चाळीस वर्षे आपण बाजारात हेच दोन हिशोब ऐकत आलो, म्हणून पाच महिने म्हणजे पूर्ण वय असे डोक्यात पक्के बसले आहे. प्रदर्शनाचा हिशोब तिसरा आहे. तेथे परीक्षक पाहतो ते हे की, या जातीचा पक्षी पूर्ण वाढल्यावर जसा दिसायला हवा तसा हा दिसतो का? सांगाडा, छाती, पिसे, तुरा, रंग, उभे राहण्याची ढब, सगळे एकाच वेळी जुळून यावे लागते. यांपैकी एक गोष्ट मागे असेल तर बाकीच्या चार चांगल्या असूनही गुण जातात.

इंग्लंड-अमेरिकेत या कामाला दीडशे वर्षांहून जास्त काळाची परंपरा आहे. इंग्लंडात १८३५ साली कायद्याने कोंबड्यांच्या झुंजी बंद झाल्या आणि पुढे दहा वर्षांनी, १८४५ मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचे पहिले मोठे प्रदर्शन भरले. अमेरिकेत १८७४ साली प्रत्येक जातीचे प्रमाण छापील पुस्तकात आले. त्या देशांत एक वर्षाच्या आतले नर-मादी एका वर्गात आणि वर्षावरचे दुसऱ्या वर्गात ठेवतात. म्हणजे तरुण पक्ष्याची तुलना तरुणाशीच होते. तरीही त्या तरुण वर्गात पाच महिन्यांचा कोंबडा दहा महिन्यांच्या शेजारी उभा राहिला तर काय होणार, हे सांगायला नको. आपल्याकडे काही ठिकाणी वर्ग इतके बारकाईने पाडलेले नसतात. म्हणून नाव नोंदविण्यापूर्वी संयोजकांना वयाचे वर्ग कोणते, हे विचारून घ्यावे. वर्षाच्या आतला वर्ग असेल तर वर्ष भरण्याच्या दोन-तीन महिने आधीचा काळ हा मोठ्या जातीच्या नराला सर्वांत फायद्याचा.

असील : नावातच अर्थ

असील हा शब्द उर्दू जाणणाऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. अस्ल म्हणजे मूळ. असील म्हणजे अस्सल, कुलीन. आंध्र, ओडिशा आणि छत्तीसगडचा बस्तर हा या नस्लीचा मुलूख. पीला, याकूब, नूरी, कागर, चिट्टा, जावा, सब्जा, टीकर, रेजा ही तिच्या रंगांवरून पडलेली नावे. उंच मान, रुंद छाती, आखूड व घट्ट पिसे, वाटाण्यासारखा बसका तुरा, मजबूत पाय आणि ताठ उभे राहणे ही तिची ओळख.

ही जात झुंजीसाठी जोपासली गेली, हे खरे. पण आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने कोंबडे झुंजविणे हा गुन्हा आहे आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ च्या निकालात प्राण्यांच्या झुंजींविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली आहे. झुंजीच्या पैजेत पैसा लावणारा आज ना उद्या पक्षीही गमावतो आणि अब्रूही. मग असील पाळणाऱ्याने करायचे काय? तामिळनाडूत दिंडुक्कलच्या बाजूला पोपटासारख्या चोचीचे, लांब शेपटीचे असील केवळ देखणेपणासाठी जोपासतात, त्यांची प्रदर्शने भरवितात आणि त्या पक्ष्यांना मोठा भाव मिळतो. जे इंग्लंडात १८३५ नंतर झाले, तेच थोड्याफार फरकाने येथे होत आहे. जातिवंत कोंबड्याचा रास्त आणि कायदेशीर बाजार म्हणजे प्रदर्शन आणि पैदाशीची विक्री. म्हणूनच पक्षी केव्हा न्यावा हा प्रश्न हौसेपुरता नाही, रोजगाराचाही आहे.

आणखी एक सूचना. आमच्या किनाऱ्यावरची गावठी कोंबडी काटक आणि गुणी आहे, पण तिचे जातीचे प्रमाण लिहिलेले नाही. महाराष्ट्र आणि गुजरातच्या सीमेवरची बुसरा ही नोंदणी झालेली जात आहे. आपल्या परसातल्या मिश्र रंगाच्या कोंबडीला तसे नाव नाही. जातीच्या वर्गात परीक्षक लिहिलेल्या प्रमाणाशीच तुलना करतो. तेव्हा गावठी पक्षी नेण्यापूर्वी त्याच्यासाठी वेगळा वर्ग आहे की नाही, हे आधी पाहावे.

आकडे काय सांगतात

उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगर येथे केंद्र सरकारची पक्षी संशोधन संस्था आहे. तिने देशी जातींचे जे सरासरी आकडे दिले आहेत ते असे : असील वीस आठवड्यांत सुमारे १२२० ग्रॅम भरतो आणि मादी पहिले अंडे साधारण १९६ दिवसांनी देते. कडकनाथ वीस आठवड्यांत ९२० ग्रॅम आणि पहिले अंडे १८० दिवसांनी. मान उघडी असलेली कोंबडी २०१ दिवसांनी, तर उलट्या कुरळ्या पिसांची १८५ दिवसांनी अंड्यावर येते.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. पूर्ण वाढलेल्या असील कोंबड्याचे प्रमाण वजन चार ते पाच किलो, मादीचे तीन ते चार किलो. वर्षाच्या आतल्या नराचे साडेतीन ते साडेचार किलो आणि तलंगेचे अडीच ते साडेतीन किलो धरतात. पहिला आकडा कळपाची सरासरी आहे आणि दुसरा निवडक पक्ष्याचे प्रमाण आहे, म्हणून दोन्हींची वजाबाकी करून चालणार नाही. पण अंतर किती मोठे आहे, ते पाहा. पाच महिन्यांचा असील चांगल्या रक्ताचा आणि चांगल्या खाद्यावरचा असला तरी त्याला अजून बराच पल्ला गाठायचा असतो.

माझ्या मते व्यवहारात असे धरून चालावे : लहान चणीचे, बँटम जातीचे पक्षी सहा महिन्यांच्या सुमारास, कडकनाथासारखे हलके पक्षी सहा ते सात महिन्यांत, असील नर आठ-नऊ महिन्यांच्या आत नकोच, आणि शहरांतले हौशी लोक पाळतात ते ब्रह्मा, कोचीन हे भारी पिसांचे पक्षी तर वर्षाच्या आसपास. एकाच जातीत घराण्याघराण्यात महिना-दीड महिन्याचा फरक पडतो. कोणत्या नराची पिल्ले लवकर भरतात आणि कोणत्या नराची उशिरा, याची वही ठेवणाऱ्याला दोन-तीन वर्षांत स्वतःचा हिशोब मिळतो. तो कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी.

हाताने आणि डोळ्याने परीक्षा

कापडाच्या धंद्यात थानावरची चिठ्ठी वाचून कोणी माल घेत नाही. थान उलगडून पोत पाहतो, उजेडात धरतो. पक्ष्याचेही तसेच. महिने मोजून झाले की पक्षी हातात घ्यावा आणि पुढच्या गोष्टी एकेक करून पाहाव्यात.

पहिली गोष्ट पंख. ही सर्वांत भरवशाची परीक्षा आहे. पिल्लाची लव गेल्यावर येणारी पिसे कायमची नसतात. ती झडून मोठ्या पक्ष्याची पिसे येतात. पंख हळूच उघडला की बाहेरच्या बाजूला दहा मोठी पिसे दिसतात. यांचे झडणे पंखाच्या मधल्या आखूड पिसाजवळून सुरू होते आणि क्रमाने टोकाकडे जाते. जुने पीस अरुंद, टोकदार आणि विटलेले असते. नवे रुंद, गोलसर टोकाचे आणि चमकदार. नव्या पिसाची नळी बुडाशी निळसर, मऊ आणि रक्ताने भरलेली असेल तर ते पीस अजून वाढत आहे. मान, पाठ, पंख आणि शेपटी या चारही ठिकाणी पिसे बाजूला करून पाहा. रक्ताच्या नळ्या जागोजाग दिसत असतील तर पक्षी कच्चा. टोकाची एक-दोन जुनी पिसे पुढच्या वर्षापर्यंत राहू शकतात. त्याची चिंता नको.

दुसरी गोष्ट शेपटी. नराच्या शेपटीतली विळ्यासारखी दोन मोठी पिसे सर्वांत उशिरा पूर्ण होतात. मानेवरची आणि कमरेवरची लांब, टोकदार, चकाकणारी पिसेही तशीच. आरवणे तीन-चार महिन्यांत सुरू होते. पण आरवणारा प्रत्येक कोंबडा पूर्ण झालेला नसतो. गळा आधी तयार होतो, शेपटी मागून येते.

तिसरी गोष्ट छातीचे हाड. पक्षी तळहातावर घेऊन छातीच्या मधल्या हाडाचे मागचे टोक अंगठ्याने दाबावे. कोवळ्या पक्ष्यात ते कुर्च्यासारखे लवचीक असते, वाढलेल्या पक्ष्यात कडक. त्याच वेळी हाडाच्या दोन्ही बाजूंचे मांस चाचपावे. हाड सुरीच्या धारेसारखे वर आलेले असेल तर पक्षी भरलेला नाही. हाड सरळ आहे ना, हेही पाहावे. लहानपणी अरुंद दांड्यावर बसविलेल्या पक्ष्याचे हाड वाकते आणि ते पुढे सुधारत नाही.

चौथी गोष्ट तोंडवळा. तुरा आणि चोचीखालची लोंबती कातडी जातीच्या रंगाला आली पाहिजे. असीलमध्ये लाल, कडकनाथमध्ये काळसर-जांभळी झाक असलेली. फिकट, कोरडा तुरा म्हणजे पक्षी एक तर लहान आहे किंवा आजारी. डोळ्याचा रंगही वयाबरोबर पक्का होतो.

पाचवी गोष्ट पाय. पायाचे खवले गुळगुळीत, घट्ट बसलेले हवेत. नराच्या पायाचा काटा लहान गाठीसारखा असेल तर वय कमी. लांब, वाकलेला असेल तर वर्ष उलटून गेले. वर्षाच्या आतल्या वर्गात मोठा पक्षी घुसविणाऱ्याचे बिंग बहुधा या काट्यावरूनच फुटते. जर्मनीत यावर उपाय म्हणून पिल्लाच्या पायात वर्षाचा आकडा असलेले अखंड कडे घालतात. मोठे झाल्यावर ते काढताही येत नाही आणि घालताही येत नाही. आपण निदान प्लॅस्टिकचे रंगीत कडे आणि वहीत जन्मतारीख एवढे तरी करावे.

सहावी आणि शेवटची गोष्ट ढब. कच्चा असील पिंजऱ्यात ठेवला की कोपरा धरतो, पाठ वाकवतो. पूर्ण झालेला नर पुढे येऊन मान उंच करून उभा राहतो. परीक्षकाजवळ एका पिंजऱ्यासाठी थोडाच वेळ असतो. त्या वेळात पक्षी जसा उभा राहील तसे गुण.

तलंगेचा हिशोब वेगळा

नराच्या बाबतीत "थांबा" हा सल्ला जितका खरा, तितकाच तलंगेच्या बाबतीत "फार थांबू नका" हा खरा आहे. तलंग म्हणजे अंड्यावर न आलेली तरुण मादी. ती सर्वांत सुंदर दिसते ती पहिल्या अंड्याच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत. तुरा लाल होतो, पिसांवर तेज येते, अंग भरते. अंडी सुरू झाली की शरीरातले सत्त्व तिकडे वळते. पिवळ्या पायांच्या जातींत तर पिवळेपणा क्रमाने उतरतो : आधी गुदद्वाराभोवतीचा, मग डोळ्याभोवतीचा, मग चोचीचा आणि शेवटी पायांचा. काही महिने अंडी दिलेली कोंबडी पुढे खुडूक झाली तर पोटावरची पिसेही विरळ होतात.

वेळ ओळखण्याची खूण अशी : गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना जी दोन बारीक हाडे लागतात, त्यांमधले अंतर कोवळ्या मादीत जेमतेम एक बोट असते. अंडे जवळ आले की ते वाढते आणि अंड्यावरच्या कोंबडीत दोन-तीन बोटे मावतात. तुरा लाल आणि अंतर एकावरून दोन बोटांकडे चाललेले, हा तलंग नेण्याचा मुहूर्त.

एक काळजी घ्यावी. तलंग लवकर तयार व्हावी म्हणून काही लोक तीन-चार महिन्यांपासूनच अंड्याच्या कोंबडीचे तयार खाद्य घालतात. त्या खाद्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, तीन-चार टक्के असतो. वाढत्या पक्ष्याच्या मूत्रपिंडावर त्याचा ताण पडतो. नराला तर त्याची गरजच नाही. अंडे अगदी जवळ येईपर्यंत वाढीचेच खाद्य ठेवावे.

उलटी मोजणी

आता मुख्य मुद्दा. पक्षी तयार झाला की प्रदर्शन शोधणे हा उलटा कारभार आहे. प्रदर्शनाची तारीख धरून अंडी कधी बसवायची, ते ठरवावे. आपल्याकडची प्रदर्शने बहुधा पावसाळा संपल्यावर, थंडीत भरतात. समजा तारीख १५ जानेवारी आहे.

असील नर नऊ महिन्यांचा हवा असेल तर पिल्लू १५ एप्रिलला अंड्यातून बाहेर आले पाहिजे. उबवणीला २१ दिवस. म्हणजे अंडी २५ मार्चला कोंबडीखाली बसवावीत. असील तलंग १९६ दिवसांवर धरली तर जन्म ३ जुलैचा आणि अंडी १२ जूनला बसवायची. कडकनाथ तलंग १८० दिवसांवर धरली तर जन्म १९ जुलैचा आणि अंडी २८ जूनला. दोन्ही तलंगा अंड्याच्या थोड्या आधी न्यायच्या असल्याने तारीख आठ-दहा दिवस पुढे गेली तरी हरकत नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. एकाच उबवणीतले भाऊ-बहीण जोडीने नेण्याची हौस असते, पण भाऊ तयार होईतो बहीण अंडी देऊन उतरलेली असते, किंवा बहीण तयार असते तेव्हा भाऊ कच्चा असतो. नरासाठी मार्चची आणि मादीसाठी जूनची, अशा दोन उबवण्या वेगळ्या धरल्या पाहिजेत.

कोकणात यात एक अडचण आहे ती पावसाची. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. एप्रिलचे पिल्लू पाऊस सुरू होईतो दोन महिन्यांचे होते, अंगावर पिसे येतात, ते टिकते. जुलैच्या पिल्लाला मात्र ओल, गारठा आणि रक्ती हगवण या तिन्हींना तोंड द्यावे लागते. जून-जुलैची उबवणी करायची तर पिल्ले पडवीत, जमिनीपासून उंच ठेवावीत. खाली भाताचा कोरडा तूस पसरावा आणि तो रोज हलवून ओला भाग काढून टाकावा. पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ ३५ अंशांच्या आसपास ऊब हवी. पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करीत जावे. ही सोय घरी नसेल तर जानेवारीचा हट्ट सोडून तलंगा पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरमध्ये काढाव्यात आणि मार्चचे प्रदर्शन धरावे.

मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस चुकवू नये. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी. देवीची लसही पशुवैद्यकाला विचारून द्यावी. लस न दिलेला पक्षी चारशे पक्ष्यांच्या गर्दीत नेणे म्हणजे घरच्या सगळ्या खुराड्यावर संकट ओढवून घेणे.

खर्च आणि निवड

थांबण्याला पैसे लागतात, हेही खरे. मोठा होत आलेला पक्षी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खातो. दोन महिने जास्त ठेवला तर ६ किलो ६०० ग्रॅम. आपल्या गावातला खाद्याचा भाव याला गुणा आणि कच्च्या पक्ष्याला आलेली किंमत व पूर्ण पक्ष्याची किंमत यांतला फरक त्याच्या शेजारी मांडा. एका निवडक पक्ष्यासाठी हा खर्च परवडतो. बारा पक्ष्यांसाठी परवडत नाही. तोटा होतो तो निवड न केल्यामुळे.

म्हणून छाटणी टप्प्याटप्प्याने करावी. समजा उबवणीतून बारा नर मिळाले. तीन महिन्यांचे झाल्यावर वाकडी बोटे, वाकडी चोच, तुऱ्याचा दोष, भलत्या रंगाची पिसे असलेले वेगळे काढावेत. हे दोष वयाने जात नाहीत. सहा महिन्यांनी सांगाडा आणि उंची पाहून तीन ठेवावेत. शेवटी एक किंवा दोनच न्यावेत. पण शरीर भरलेले नाही किंवा शेपटी आखूड आहे एवढ्याच कारणाने कोणाला लवकर काढू नये. या गोष्टी मागून येतात. असीलचे उत्तम नर पुष्कळदा लहानपणी सर्वांत बेढब, लांब पायांचे आणि उघडे दिसतात.

छाटलेल्या पक्ष्यांना कोकणात गिऱ्हाईक कमी नाही. गटारी, दिवाळीची सुट्टी, डिसेंबरात समुद्रावर येणारे पर्यटक, पुढे शिमगा, या प्रत्येक वेळी गावठी कोंबड्याची मागणी वाढते. एप्रिलच्या उबवणीतले पहिले छाटलेले नर गटारीला आणि दुसरे दिवाळीला जातात. त्यांच्या पैशांतून राहिलेल्या तिघांचे खाद्य निघते.

खाद्यात आपल्याकडे तांदळाची कणी, कोंडा, खोबऱ्याची पेंड आणि सुके मासे सहज मिळतात. पहिल्या आठ आठवड्यांत प्रथिने २० टक्क्यांच्या आसपास हवीत, पुढे १६ टक्के चालतात. नुसत्या कणीवर वाढलेले पिल्लू जगते, पण पिसांना चमक येत नाही. कारण पीस हे प्रथिनाचेच बनते. सुक्या माशांत मीठ फार असते. ते धुऊन, वाळवून आणि थोडेच घालावे.

शेवटचे तीन आठवडे

पक्षी सर्व परीक्षांत उतरला तरी पिंजऱ्याची सवय नसेल तर सगळे वाया. परसात मोकळा फिरणारा कोंबडा तीन आठवडे आधीपासून रोज थोडा वेळ पिंजऱ्यात ठेवावा, हातातून दाणा द्यावा, अनोळखी माणसाला समोर उभे करावे. उवा-पिसवा पाहाव्यात, राखेत लोळण्याची सोय असावी. प्रदर्शनाच्या दोन-तीन दिवस आधी पाय कोमट पाण्याने, मऊ ब्रशने धुवावेत. पांढऱ्या पक्ष्याला पूर्ण अंघोळ घालावी आणि ऊन्हात पूर्ण वाळवावे. तुऱ्याला खोबरेल तेलाचे बोट लावले की पुरे. तुरा कापणे, काटे छाटणे हे झुंजीवाल्यांचे उद्योग. प्रदर्शनाच्या पक्ष्याला त्याची गरज नाही. नेतानाही पाय बांधून उलटे लटकावून नेऊ नये. हवा लागेल अशा करंडीत किंवा खोक्यात एकेकटा न्यावा. नाही तर वेळणेश्वराहून घाट चढून जाईतो शेपटीची पिसे मोडलेली असतात.

परत आल्यावर पक्षी दोन-तीन आठवडे घरच्या कोंबड्यांपासून दूर ठेवावा आणि त्याचे दाणा-पाणी शेवटी करावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो पक्षी नष्ट करावे लागले. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळ मुरुंबा येथे पुन्हा तोच प्रकार घडला. अशी साथ आली की पक्ष्यांची ने-आण आणि प्रदर्शने थांबतात. म्हणून एकाच तारखेवर सगळा भरवसा ठेवू नये. नऊ महिन्यांचा पूर्ण झालेला नर प्रदर्शन रद्द झाले तरी पैदाशीला उपयोगी पडतो आणि पुढच्या वर्षी मोठ्या वर्गात जातो. पाच महिन्यांच्या कच्च्या नराला हा दुसरा रस्ता नसतो.

ज्यांना या हंगामात पक्षी न्यायचा आहे त्यांनी आज एवढे करावे : पक्ष्याची जन्मतारीख लिहून काढावी, प्रदर्शनाच्या दिवशी तो किती महिन्यांचा होतो ते मोजावे आणि दिवसाउजेडी पंख उघडून रक्ताच्या नळ्या पाहाव्यात. वय भरत असेल आणि नळ्या नसतील तर नाव नोंदवावे. यांपैकी एकही गोष्ट कमी असेल तर त्या दिवशी पक्षी घरी ठेवून आपण एकट्याने प्रदर्शनाला जावे, जिंकलेल्या पक्ष्यांच्या पिंजऱ्यांपुढे उभे राहून त्यांचे पंख, शेपट्या आणि छाती पाहून यावी. बसभाड्याच्या पैशांत पुढच्या वर्षाची निम्मी तयारी होते.